विश्लेषण : महिन्याची नोटीस दिली की घर रिकामे होते का?

सांगलीच्या विश्रामबागेत विद्यार्थ्यांना दिलेली वरची खोली, मिरजेत रुग्णालयांच्या आसपास महिन्याच्या बोलीवर दिलेले दोन खोल्यांचे घर, साताऱ्याच्या पेठेत वडिलांच्या काळापासून राहणारा भाडेकरू. तिन्ही ठिकाणी व्यवहार बहुतेक वेळा तोंडी असतो, भाडे महिन्याला असते आणि घरमालकाचा समजही एकच असतो : महिनाभर आधी सांगितले की भाडे वाढवता येते किंवा घर रिकामे करून घेता येते. प्रत्यक्षात हा समज न्यायालयात टिकत नाही.

नोटीस पुरेशी का ठरत नाही?

या समजाचे मूळ मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये आहे. त्याच्या कलम १०६ नुसार महिन्याच्या बोलीवरची भाडेदारी १५ दिवसांच्या लेखी नोटिशीने संपवता येते. मात्र महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आहे. ज्या शहरांना तो लागू आहे, तिथे कलम १५ आडवे येते. भाडेकरू कायदेशीर भाडे देत असेल किंवा द्यायला तयार असेल आणि भाडेदारीच्या अटी पाळत असेल, तर त्याला केवळ मुदत संपवून बाहेर काढता येत नाही. राज्याच्या भाडे कायद्याचे संरक्षण असेल तिथे ताबा मिळवण्यासाठी त्या कायद्यातले कारणच सिद्ध करावे लागते, कलम १०६ ची नोटीस त्याला पर्याय नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७९ मध्येच स्पष्ट केले आहे.

अपवादही आहेत. भाडेकरू बँक, सार्वजनिक उपक्रम किंवा १ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेली कंपनी असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण मिळत नाही. कायदा लागू नसलेल्या गावांतही तसेच. तिथे १५ दिवसांची नोटीस चालते. म्हणजे तळमजल्यावरची बँक हलवणे कायद्याने सोपे आणि वरच्या मजल्यावरचे कुटुंब हलवणे अवघड!

‘११ महिन्यांचा कागद’ कितपत उपयोगी?

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून ११ महिन्यांचा कागद करून नोटरीचा शिक्का मारून घ्यायचा, अशी पद्धत रूढ आहे. महाराष्ट्रात ती पळवाट उरलेली नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मालकाला खरा फटका मात्र दुसराच बसतो. असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली म्हणजे नोंदणी झाली, असेही नाही.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र चित्र पालटते. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपूनही ताबा मिळाला नाही, तर कलम २४ नुसार मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. समन्स मिळाल्यावर समोरच्याला ३० दिवसांत बचाव मांडण्याची परवानगी मागावी लागते.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परताव्याच्या अनामत रकमेवर वार्षिक १० टक्के धरून. महिना ८ हजार भाडे, ३० हजार अनामत आणि ११ महिने मुदत घेतली तर ८८ हजार अधिक २,७५० म्हणजे ९०,७५० रुपये. त्याचा पाव टक्का साधारण २२७ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १ हजार, ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते. एवढ्यासाठी नोटरीचा कागद वापरणे हा महागातला सौदा आहे.

जुना भाडेकरू असेल तर?

कायदा मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढीचा हक्क देतो. ५ हजारांच्या भाड्यावर पहिल्या वर्षी २०० रुपये. त्याहून जास्त वाढ भाडेकरूच्या संमतीशिवाय लादता येत नाही. लिव्ह अँड लायसन्सवर सहीसुद्धा त्याच्या राजीखुशीनेच घ्यावी लागते.

भाडे थकले असेल तर आधी लेखी मागणी करावी लागते आणि त्या नोटिशीनंतर ९० दिवस थांबून मगच दावा. त्यानंतरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली, तर या कारणावरून घर रिकामे करण्याचा हुकूम होत नाही. परवानगीविना पोटभाडेकरू ठेवणे, पक्के बांधकाम करणे, सबळ कारण नसताना सहा महिने जागा बंद ठेवणे ही इतर कारणे कलम १६ मध्ये आहेत.

‘मुलाचे लग्न झाले, खोली हवी’ हे कारणही चालते. पण गरज खरी असावी लागते आणि न्यायालय दोघांपैकी कोणाची अडचण मोठी, हेही पाहते. ताबा मिळाल्यावर मालक महिन्याभरात राहायला गेला नाही किंवा वर्षाच्या आत जागा पुन्हा भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू ताबा परत मागू शकतो. सातारा आणि सांगलीत असे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. अपील जिल्हा न्यायालयात.

कंटाळून पाणी किंवा वीज तोडण्याचा मोह मालकाने आवरलेला बरा. कलम २९ नुसार तो गुन्हा आहे आणि सोडायला तयार असलेला भाडेकरूही त्यानंतर हट्टाला पेटतो.

पुरात घर पडले तर भाडेदारी संपते का?

२०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या सांगलीत हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आग, वादळाबरोबर पुराचाही उल्लेख आहे. मालमत्तेचा महत्त्वाचा भाग त्यात नष्ट झाला तर भाडेपट्टा रद्द करण्याचा पर्याय आहे. तो मालकाला नाही, भाडेकरूला आहे. सांगलीतल्याच एका प्रकरणात महापालिकेने भाडेकरू असलेली इमारत पाडली होती. केवळ इमारत पडल्याने भाडेदारी संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ मध्ये दिला.