पांढुर्ण्याच्या ताम्रपटाचे वय

महोत्सव म्हणजे एका परीने काळाची मोजदादच होय. संस्थेला अमुक वर्षे झाली असे आपण हक्काने सांगतो, कारण तिच्या स्थापनेचा दिवस कोणीतरी वहीत नोंदवून ठेवलेला असतो. ही नोंद नसती तर आपण वडीलधाऱ्यांना विचारले असते. एकाने सांगितले असते, ‘नदीला मोठा पूर आला त्याच्या पुढच्या साली’. दुसऱ्याने सांगितले असते, ‘थोरलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी’. दोघेही खरे बोलत असतील. पण पूर कधीचा आणि लग्न कधीचे हे ठरेपर्यंत साल काही हाती लागत नाही. इतिहासकाराला बहुतेक वेळा अशाच अडचणीतून वाट काढावी लागते.

‘सर, आज हयात असलेले त्या काळी कोणीच नव्हते, मग पुस्तकात साल कोठून आले?’ असे आमचे विद्यार्थी दर वर्षी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मिसर देशात किंवा मोहेंजोदडोला जाण्याचे कारण नाही. खुद्द आपल्या पांढुर्ण्याच्या नावाने ओळखला जाणारा एक ताम्रपट आहे. त्याचेच वय काढून पाहू.

हा ताम्रपट वाकाटक घराण्यातील राजा दुसरा प्रवरसेन याचा. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांच्या सर्व कोरीव लेखांचा जो मोठा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध केला, त्यात तो समाविष्ट आहे. पूर्वी राजे जमिनीचे दान देत, तेव्हा दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत. कागद कुजतो, भूर्जपत्र फाटते, तांबे टिकते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते त्या जमिनीचे खरेदीखत आणि सातबारा दोन्ही होते. पांढुर्ण्याच्या पटावर काळाचा उल्लेख आहे, नाही असे नाही. तो आहे ‘राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी’ असा. म्हणजे पुन्हा थोरलीच्या लग्नाचीच गोष्ट! राजा गादीवर कधी बसला हे त्या काळच्या माणसाला ठाऊक होते, आपल्याला नाही.

येथून साखळी जुळवण्याचे काम सुरू होते. पहिली कडी लिपीची. वाकाटकांच्या पटांवरील ब्राह्मी अक्षरांच्या डोक्यावर लहान चौकोनी पेटी असते. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ साली अशोकाची ब्राह्मी लिपी वाचून दाखविली, तेव्हापासून अक्षरांची वळणे शतकाशतकाला कशी बदलत गेली याचे कोष्टक अभ्यासकांनी बांधले आहे. घरातील जुनी पत्रे पाहून हे आजोबांच्या हातचे आणि हे पणजोबांच्या वेळचे असे आपण ओळखतो, तसाच हा प्रकार. परंतु अक्षरांवरून शतक कळते, साल कळत नाही.

दुसरी कडी नात्याची. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता. तिचे स्वतःचे ताम्रपट उपलब्ध आहेत. पुण्यात मिळालेल्या पटात ती आपण महाराजाधिराज चंद्रगुप्ताची कन्या असल्याचे सांगते. हा चंद्रगुप्त म्हणजे उत्तरेकडील गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त. पती रुद्रसेन वारल्यावर मुले लहान म्हणून तिने स्वतः राज्यकारभार पाहिला. तिच्या कारभाराचे तेरावे वर्ष त्या पटात नोंदलेले आहे. तेव्हा आजोबांचा काळ ठरला की मुलीचा आणि नातवाचा काळ अंदाजाने ठरवता येतो.

आजोबांच्या लेखांत मात्र नुसते राज्यवर्ष नाही, चालू संवताचे साल आहे. त्यांतील सर्वांत आधीचे ६१ आणि शेवटचे ९३. हा गुप्त संवत. आता हा संवत सुरू कधी झाला, ही तिसरी कडी. आणि येथेच विद्वान कित्येक वर्षे अडून बसले होते.

संवत म्हणजे मोजण्याचा खुंटा. कोठून मोजायचे हे ठरले की पुढे आकडे आपोआप चालतात. आपल्याच गावात एकाच भिंतीवर तीन-चार खुंटे दिसतात. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फक्त जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. विक्रम संवतातून बहुतांश ५७ वजा करावे लागतात. हिजरी सन इसवी ६२२ पासून. पण तेथे नुसती बेरीज चालत नाही, कारण ते वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणूनच रमजान कधी उन्हाळ्यात येतो तर कधी थंडीत. सूर्याची ३२ वर्षे होतात तेव्हा हिजरीची जवळजवळ ३३ होतात. सूर्यमानाने एखाद्या संस्थेची ५० वर्षे भरतात, तेव्हा हिजरी हिशेबाने तिची साडेएक्कावन्न होऊन गेलेली असतात. दोन्ही हिशेब खरेच. कोणता लावला ते सांगितले पाहिजे, एवढेच.

गुप्त संवताचा खुंटा सापडला तो एका अरबी ग्रंथात. ख्वारिज्मचा पंडित अल्-बेरुनी याने संस्कृत शिकून हिंदुस्थानाविषयी इसवी सन १०३० च्या सुमारास एक ग्रंथ लिहिला. त्यात येथील निरनिराळ्या संवतांची माहिती देताना त्याने नोंदविले की, गुप्तांचा काल शककालानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो. २४१ आणि ७८ मिळून ३१९. मात्र त्याने ऐकीव माहितीवरून असेही लिहिले की, गुप्त राजे संपले तेव्हापासून हा संवत मोजतात. आता प्रश्न पडला. त्याचा आकडा खरा मानावा की कारण? काही विद्वानांनी कारण खरे धरले आणि गुप्तांना ३१९ च्या आधी ढकलले. काहींनी आकडा खरा धरून कारण चुकले असे म्हटले. साक्षीदार एकच, पण त्याच्या साक्षीचा एक भाग पक्का आणि दुसरा कच्चा असू शकतो. कोर्टात हे नेहमी घडते, इतिहासातही घडते.

निकाल लागला तो आपल्याच मध्यप्रदेशातील मंदसोरच्या एका शिलालेखाने. मंदसोरचे जुने नाव दशपूर. लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणारे कारागीर तेथे येऊन राहिले होते. त्यांच्या श्रेणीने, म्हणजे धंद्याच्या पंचायतीने, आपल्या कमाईतून सूर्याचे एक मंदिर बांधले. पुढे त्याची पडझड झाली तेव्हा त्याच श्रेणीने ते दुरुस्त केले आणि दोन्ही कामांची साले दगडावर कोरली. बांधले ते मालव संवत ४९३ मध्ये, दुरुस्त केले ५२९ मध्ये. बांधले तेव्हा कुमारगुप्त राज्य करीत होता असेही लिहिले. मालव संवत म्हणजेच विक्रम संवत. ४९३ मधून ५७ वजा केले की इसवी सन ४३६ येतो. कुमारगुप्त हा चंद्रगुप्ताचा मुलगा. त्याच्या इतर लेखांत गुप्त संवताचे ९६ पासूनचे आकडे आहेत. ९६ मध्ये ३१९ मिळवले की ४१५. तेव्हा ४३६ साली तो गादीवर असणे बरोबर जुळते. डॉ. फ्लीट यांनी १८८८ साली गुप्तांच्या लेखांचा ग्रंथ काढला, त्यात हा हिशेब मांडला आणि अल्-बेरुनीचा आकडा पक्का ठरला.

आता साखळी उलट ओढू. चंद्रगुप्ताची ६१ आणि ९३ ही साले म्हणजे इसवी ३८० आणि ४१२. मुलगी प्रभावती त्यानंतरची पिढी. तिच्या कारभाराची वर्षे जमेस धरून मिराशींनी प्रवरसेनाचे राज्यारोहण सुमारे ४२० मध्ये धरले आहे. त्याचे एकोणतिसावे वर्ष मग पाचव्या शतकाच्या मध्याजवळ येते. पांढुर्ण्याचा ताम्रपट सुमारे पावणेसोळाशे वर्षांचा आहे, असे आपण म्हणतो ते या आधारावर. ‘सुमारे’ हा शब्द येथे दुबळेपणाचा नाही, प्रामाणिकपणाचा आहे.

साल लिहिलेले असले म्हणजे काम संपले असेही नाही. पांढुर्ण्याहून बैतूलच्या वाटेवर मुलताई लागते. तेथे मिळालेल्या राष्ट्रकूट ताम्रपटावर शके ६३१ आहे, आणि त्याच भागातील तिवरखेडच्या पटावर शके ५५३. दोन्ही पटांत वंशावळ तीच, दान देणारा स्वामिकराजाचा मुलगा नन्नराज तोच. दोन सालांत अंतर मात्र ७८ वर्षांचे! एकच माणूस एवढा काळ राज्य करील हे संभवत नाही. अकोला जिल्ह्यातील सांगळूदच्या पटावर याच राजाचे साल शके ६१५ आहे. ते मुलताईशी जुळते, तिवरखेडशी नाही. त्यामुळे तिवरखेडच्या पटाच्या अस्सलपणाविषयी विद्वानांनी संशय घेतला. जमिनीच्या हक्कासाठी खोटे कागद करण्याची कला आजची नाही. म्हणून एका कागदावर विसंबू नये, दुसऱ्याशी ताडून पाहावा, हा इतिहासाचा पहिला धडा होय.

जेथे लेखनच नाही तेथे जमीन आणि कोळसा बोलतात. घरातील रद्दीच्या ढिगात खालचा अंक जुना असतो, मधून कोणी ओढून काढला नसेल तर; उत्खननातील मातीच्या थरांचेही तसेच. नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत, ती मृतांची स्मारके. पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे त्याच लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. त्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. पण अशा जागी जळका कोळसा मिळतो. सजीव वस्तूत कार्बनचा एक किरणोत्सर्गी प्रकार असतो. जीव गेल्यावर तो झिजू लागतो आणि ५७३० वर्षांत निम्मा उरतो. उरलेला किती हे मोजून वय काढण्याची रीत अमेरिकेतील विलर्ड लिबी यांनी १९४९ साली सिद्ध केली. तिच्यासाठी त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. विदर्भातील ही दगडी वर्तुळे अडीच हजार वर्षांहून जुनी असल्याचे आपण सांगतो, त्यात या रीतीचा मोठा वाटा आहे. मात्र तिच्याने नेमके साल मिळत नाही, अमुक ते अमुक असा टप्पा मिळतो. आणि तांब्याच्या पत्र्यावर तिचा काहीच उपयोग नाही.

मग लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टींचे काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिच्यामागची मुलामुलीची कथा लहान पोरालाही पाठ आहे. कोणी ती तीनशे वर्षांची म्हणतो, कोणी चारशे. कथा टाकाऊ नसते. लोकांनी काय लक्षात ठेवण्याजोगे मानले हे तिच्यातून कळते. पण कथेतून साल काढू नये. ज्याला तिचे वय हवे त्याने दिनांक असलेला कागद शोधावा.

असे कागद आपल्या घरांतच आहेत, आणि हेच सांगण्यासाठी आम्ही एवढा प्रपंच मांडला. १९५६ साली प्रांतरचना झाली तेव्हा आपला मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला. मुले हिंदीतून शिकू लागली, मोडी वाचणारी पिढी मावळली. माळ्यावरच्या पेटीतील मोडी रुमाल कोणालाच वाचता येईनात, आणि बरेचसे रद्दीच्या भावाने गेले. त्या कागदांवर पुष्कळदा सुहूर सन असतो. हा सन मृग नक्षत्र लागते तेव्हा, म्हणजे पेरणीच्या तोंडावर बदलतो. त्यात ५९९ मिळवले की वर्षारंभीचा इसवी सन येतो. गंमत अशी की, मराठी कारकून त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. ‘समान खमसैन मया व अलफ’ म्हणजे आठ, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५८. इसवी सन १७५७-५८. कारकून हिंदू, लिपी मोडी, भाषा मराठी, अंक अरबी, वर्ष शेतकऱ्याचे. आपल्या मुलखात माणसे एकमेकांच्या सोबतीने कशी नांदली याचा याहून साधा पुरावा आम्हांला ठाऊक नाही. आणि तो आपण किलोच्या भावाने विकतो.

२०२३ साली पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा जिल्हा झाला. पुढे कोणीतरी या जिल्ह्याचा इतिहास लिहील. त्याला काय मिळेल, हे आज आपल्या हाती आहे. ट्रस्टच्या सभासदांना आमची विनंती तीन गोष्टींची आहे. मोडी किंवा फारसी कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नये. जाणकाराला दाखवावा आणि छायाचित्र काढून ठेवावे. घरातील वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी तेही लिहावे. आणि ट्रस्टची प्रत्येक पावती, प्रत्येक ठराव, प्रत्येक छायाचित्र यांवर पूर्ण दिनांक व नावे घालावीत; नुसते ‘गेल्या वर्षी’ किंवा ‘मान्यवरांच्या हस्ते’ असे लिहून सोडू नये.

मंदसोरच्या विणकरांना गुप्त सम्राटांचा काळ ठरवायचा नव्हता. त्यांनी वर्गणी काढली, इमारत बांधली, पुढे ती दुरुस्त केली आणि दोन्ही वेळा साल लिहिले. तेवढ्यावर एका साम्राज्याचा काळ निश्चित झाला, आणि त्याच साखळीने आपल्या पांढुर्ण्याच्या ताम्रपटालाही वय मिळाले.