फोटो एक, उपकरणं तीन

विठ्ठलवाडी स्टेशनावर टिपलेला फोटो फोन, टॅब आणि लॅपटॉपवर सारखाच दिसायचा, तर डेटाबेस असा मांडा :

● ओळख : फाइलचं नाव नको, ‘आयएमजी_०००१’ दोन कॅमेऱ्यांत सापडतं. फाइलमधल्या डेटावरून निघणारा ६४ अक्षरी ‘शा-२५६’ ठसा वापरा.

● तक्ते : फोटो, अल्बम आणि दोघांना जोडणारा तिसरा. एकच फोटो ‘आजी’ आणि ‘आषाढी’ दोन्हींत. फाइल मात्र एकच.

● वेळ : यूटीसीत नोंदवा. भारतीय वेळ त्यापुढे ५ तास ३० मिनिटं.

● बदल : प्रत्येक बदलाला सर्व्हरवर चढता क्रमांक. रेंज आली की फोन शेवटच्या क्रमांकापुढचंच मागतो.

● डिलीट : ओळ पुसू नका, ‘काढला’ अशी खूण ठेवा. नाहीतर महिनाभर बंद पडलेला टॅब तोच फोटो परत आणतो.