एका आठवड्यातील दोन स्मरणदिन

नोव्हेंबर उजाडला की कॅनडातील शाळांत मुलांच्या छातीवर डाव्या बाजूस पॉपीची तांबडी फुले दिसू लागतात. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी अकरा वाजता पहिले महायुद्ध थांबले. म्हणून त्या दिवशी त्या घटकेस सारी शाळा दोन मिनिटे स्तब्ध उभी राहते. जेथे सुटी असते तेथे समारंभ आधी करतात. शाळा वृद्ध सैनिकांना बोलावतात, मुले त्यांना प्रश्न विचारतात. २०११ साली एडमंटन येथे सैनिकांच्या कबरींवर शाळकरी मुलांच्या हातून एकेक फूल ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला, तो पुढे गावोगाव गेला. कबरीवर फूल वाहण्याची रीत आमच्या घरचीच, त्यामुळे ही हकीकत वाचताना आम्हांस ती मुले दूरची वाटली नाहीत.

परंतु अनेक शाळांत तीन दिवस आधी, ८ नोव्हेंबरला, आणखी एक स्मरण होते. ते मूलनिवासी सैनिकांचे. एका आठवड्यात दोन दिवस कशासाठी, असे कोणीही विचारील.

या लोकांपैकी पहिल्या महायुद्धात सुमारे ४,००० व दुसऱ्यात ३,००० हून अधिक 'फर्स्ट नेशन्स' सैनिक गेले; मेती व इन्युइट निराळेच. त्यांतला टॉमी प्रिन्स हा मॅनिटोबातील ओजिब्वे जमातीचा. फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओजवळ तो शत्रूपासून अवघ्या दोनशे मीटरवरील ओसाड शेतघरात एकटा बसून टेलिफोनवरून तोफखान्यास खबर देत होता. गोळाफेकीने तार तुटली. गड्याने तेथे सापडलेले शेतकऱ्याचे कपडे चढवले आणि भर दिवसा, शत्रूच्या देखत, शेतात खुरपू लागला. तुटलेल्या जागी येताच बुटाची नाडी बांधण्याच्या मिषाने वाकून त्याने तार जोडली. मग वैतागलेल्या शेतकऱ्यासारखी दोन्ही सैन्यांवर मूठ उगारली नि परत फिरला! सहाव्या जॉर्ज बादशहांनी त्यास राजवाड्यात पदक दिले. त्याच इटलीत १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे पडले व व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्या पलटणीचे ठाणे आमच्या बेळगावचे. त्यांचाही देश तेव्हा स्वतंत्र नव्हता.

प्रिन्स घरी परतला तो राखीव वसाहतीतला 'इंडियन' म्हणूनच. आपला कायदेशीर दर्जा न सोडता त्याच्या लोकांस देशाच्या निवडणुकीत मत देता आले ते १९६० पासून. शेती उभी करण्यास इतर सैनिकांना ६,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळे; वसाहतीत राहणाऱ्यास फार तर २,३२० डॉलरचे अनुदान, तेही सरकारी एजंटच्या मर्जीने. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तर आठवीतल्या मुलासही निराळे समजावून सांगावे लागणार नाही. आमच्या मते पराक्रमाच्या गोष्टीआधी शिक्षकाने हेच लिहावे. शौर्यकथा मुले आपण होऊन शोधतात.

सामायिक दिवसात आपली नावे हरवतात, हे ओळखून १९९४ साली विनिपेगमध्ये प्रथम ८ नोव्हेंबर पाळला गेला. २००१ साली ओटावात त्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. त्याच वर्षी प्रिन्सची हातची गेलेली पदके लोकांनी पैसे जमवून लिलावातून सोडवून आणली. आणि २००२ साली सरकारने अशा सैनिकांना वीस हजार डॉलरपर्यंत भरपाई देऊ केली. प्रिन्स गरिबीत वारला होता १९७७ मध्ये.