फोटोखाली नाव लिहा

राजगृहातला तो फोटो आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. 1934 सालच्या फेब्रुवारीत काढलेला. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, बाबासाहेबांच्या वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. सोबत एक कुत्राही आहे आणि त्याचे नाव टॉबी हेही आपल्याला ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी, 27 मे 1935 रोजी, रमाई गेल्या. आज तो फोटो पाहताना आपण एकेका माणसाला ओळखतो, कारण कोणीतरी वेळेवर ती नावे लिहून ठेवली.

आता आपण आपापल्या घरातली पत्र्याची पेटी उघडून पाहू या. सोलापुरात बुधवार पेठेतल्या आमच्या घरी अशी एक पेटी होती. आजीचे लुगडे, गिरणीचा जुना पास आणि तळाशी पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो. मागे रंगवलेला पडदा, पुढे अकरा माणसे. दीक्षेनंतर वर्षभरातला, म्हणजे 1957 च्या सुमाराचा. मधोमध आजोबा ताठ बसलेले. बाकीचे कोण, हे घरात कोणालाच सांगता येईना.

आम्ही तो फोटो थोरल्या आत्याकडे नेला. तिने चष्मा पुसला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नाते, गाव, कोणाला कुठे दिली, सारे सांगितले. नऊ नावे मिळाली. एका बाईपाशी ती थांबली. "ही आईबरोबर विड्या वळायला यायची. लई जीव होता दोघींचा. नाव मात्र तोंडात येईना बघ." कडेला उभे असलेले पाचएक वर्षांचे पोर तर तिलाही ओळखू आले नाही. पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली. आम्ही आणखी वर्षभर चालढकल केली असती, तर ती नऊ नावेही तिच्याबरोबर गेली असती.

आपल्या माणसांचे फोटो मुळातच थोडे. फोटो काढायचा म्हणजे पैसे मोजावे लागत, आणि तेवढ्यात घरात दोन दिवसांची भाकरी होई. एखाद्या आजोबांचा चेहरा गिरणीच्या पासावर तेवढा उरलेला असतो, आजीचा तोही नसतो. आपला इतिहास दुसरे कोणी लिहून ठेवील, या भरवशावर आपण राहू शकत नाही. 7 डिसेंबर 1956 ची बाबासाहेबांची अंत्ययात्रा आज आपण पडद्यावर पाहतो, ती नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली म्हणून. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना शोधत फिरल्या, म्हणून 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आपल्या हाती आले. आपल्याला तर एवढे मोठे काम करायचे नाही. आपल्याला फक्त आपल्या घरातल्या पेटीपर्यंत जायचे आहे.

त्यासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सोलापूरचा उन्हाळा आणि डोक्यावरचा पत्रा फोटोला मानवत नाही. ऊन लागणाऱ्या भिंतीवर जुना फोटो टांगू नये. रंगीत फोटोचा रंग आपोआपही उडत जातो, म्हणून आधी रंगीत फोटोंकडे पाहावे. पूर्वी चिकट पानांवर प्लास्टिकचा कागद असलेले अल्बम घरोघरी आले. त्यांतला गोंद फोटो पिवळा पाडतो. फोटो सहज सुटत असेल तर काढावा, सुटत नसेल तर ओढू नये. काचेला चिकटलेलाही ओढू नये, पाणी लावू नये. आहे तसाच त्याचा फोटो काढून घ्यावा. फोटो लॅमिनेट करू नये. मागे बॉलपेनने लिहिल्यास वळ पुढे उमटतात. तिथे मऊ शिसपेन हलक्या हाताने चालवावी.

मग दुकानातून फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करून घ्यावेत आणि छापील अल्बम करावा. लग्नाचे अल्बम करणारे हे काम करतात. मोबाईलमध्ये फोटो आहेत, असे मुले म्हणतात. मोबाईल हरवला, बिघडला की त्यांतले किती उरतात, हे आपण पाहतोच. वर्षभरातले चाळीस फोटो निवडून छापले तरी पुरे. मूळ फोटो मात्र टाकू नयेत. कागदी पाकिटात घालून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावेत.

भगिनींनो, खरे काम फोटोखालच्या ओळीचे आहे. नाव, नाते, गाव आणि साल या चार गोष्टी लिहा. सुनेच्या खाली 'अमक्याची बायको' एवढेच लिहू नका, तिचे स्वतःचे नाव लिहा, ती काय काम करीत होती तेही लिहा. अल्बममध्ये नुसती लग्ने नकोत. 14 एप्रिलची मिरवणूक, चैत्यभूमीचा प्रवास, घरातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, हे सारे त्यात यावे. निदान तीन प्रती काढाव्यात. एक घरी, एक लेकीच्या सासरी आणि एक विहारात.

विहाराचे कारण आमच्या अनुभवातले आहे. आम्ही अल्बम छापला तेव्हा त्या दोन चेहऱ्यांखाली 'नाव ठाऊक नाही' असे छापून पुढे ओळ कोरी सोडली. वर्षावासात तो अल्बम विहारात ठेवला होता. पौर्णिमेला आलेल्या एका वृद्ध उपासिकेने पाने उलटता उलटता हात थांबवला. "ह्या आमच्या सासूबाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरी सासूबाईंचा एकही फोटो नव्हता. आम्ही त्यांना प्रत काढून दिली आणि आमच्या कोऱ्या ओळीवर त्यांच्या हातून नाव लिहून घेतले.

त्या पोराची ओळ अजून कोरी आहे. पण आपल्या पेटीतल्या फोटोंची नावे सांगणारे कोणी अजून घरात असेल. येत्या पौर्णिमेला वंदना झाली की पेटी घेऊन त्यांच्याजवळ बसा, आणि वही जवळ ठेवा.

जयभीम!