आवाज बारीक, की माइक उंच?

गेल्या सेमिस्टरमधली गोष्ट. मेन हॉलमध्ये जनरल मीटिंग होती आणि विषय होता लायब्ररीचा रीडिंग हॉल. परीक्षेच्या दिवसांत मुलांना तिथं रात्री अकरापर्यंत बसता येतं आणि लेडीज होस्टेलचं गेट मात्र साडेआठला बंद! सिलॅबस तोच, पेपर तोच, फी पण तीच. हे बोलायचं कुणी यावर होस्टेलवर दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी माळ माझ्या गळ्यात पडली. "तू कॉन्व्हेंटची, इलोक्यूशनची बक्षिसं मिळवलीस ना, मग तूच बोल."

गेले स्टेजवर. माझ्याआधी बोलून गेलेले सेक्रेटरी चांगले सहा फुटी. माइक त्यांच्या तोंडाशी, म्हणजे माझ्या कपाळाच्या वर. टाचा उंचावून पहिलं वाक्य बोलले. ऐकू जाईना म्हणून साउंडवाल्याने व्हॉल्यूम वाढवला आणि... कुंईईई! सगळा हॉल कानावर हात ठेवून हसला. मागच्या रांगेतून आवाज आला, "झाली बायकांची किटकिट सुरू!" दुसरा म्हणाला, "आली मोठी झाशीची राणी!" माझ्या कागदावर चार मुद्दे होते. एक बोलले आणि खाली उतरले. रूमवर येऊन रडले, हेही लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर विचार केला, आपण ई अँड टीसीवाले. किटकिट नक्की कुणाची होती, हे तरी शोधून काढू.

माइकमध्ये गेलेला आवाज अँप्लिफायरमधून स्पीकरला जातो. स्पीकरमधून निघालेला थोडा आवाज हॉलमध्ये फिरून परत माइकमध्ये शिरतो. एका फेरीत तो आधीपेक्षा लहान होऊन परत आला तर मरून जातो. पण लूप गेन एक झाला आणि फेजही जुळली की सर्किट आपलं आपणच शिट्टी वाजवायला लागतं. ज्यांनी ऑसिलेटरचं चॅप्टर ऑप्शनला टाकलं होतं त्यांच्यासाठी सांगते, यालाच बार्कहाउझेन क्रायटेरियन म्हणतात.

आता हिशोब बघा. माइकपासून तोंडाचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. सेक्रेटरींचं तोंड माइकपासून पाच सेंटिमीटरवर आणि माझं वीसवर असेल, तर झाले १२ डेसिबल कमी. ते भरून काढायला गेन चौपट करावा लागतो. गेन चौपट केला की लूप गेन एकच्या वर गेलाच! आणि गंमत अशी की त्या शिट्टीची फ्रिक्वेन्सी ठरते हॉल, स्पीकर आणि माइकच्या जागेवरून. बोलणारा पुरुष आहे की बाई, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. बोलताना पुरुषांचा आवाज साधारण १२० हर्ट्झच्या आसपास असतो आणि बायकांचा २०० च्या, हे खरं. पण वरची पट्टी म्हणजे कर्कशपणा नव्हे. नाहीतर लताबाईंची गाणी कुणी ऐकली असती?

थोडक्यात, किटकिट केली स्टँडने आणि नाव लागलं माझं.

पण सगळंच माइकवर ढकलून चालणार नाही. माइक बोलत नाही, माणसं बोलतात. आपल्या भाषेतले शब्दच बघा. मुलगा सरळ बोलला तर 'सडेतोड', मुलगी बोलली तर 'फटकळ'. तो खूप बोलला तर 'फर्डा वक्ता', ती 'बडबडी'. तो चिडला तर 'बाणेदार', ती 'कजाग'. तो पुढे आला तर 'लीडर', ती 'आगाऊ'. या शब्दांचं काम काय? माझ्या मते एकच : उत्तर देणं वाचवणं. "गेट साडेआठलाच का?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, मग ते बरोबर असो की चूक. 'किटकिट' म्हटलं की विषय संपला. शेरा माणसावर मारला की मुद्दा तसाच उभा राहतो आणि त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

हे आजचं नाही. आमच्या शाळेत पंडिता रमाबाई म्हणजे जनरल नॉलेजच्या पेपरातलं एका मार्काचं उत्तर होतं. त्यांच्याबद्दल नीट वाचलं ते या मीटिंगनंतर, आपल्याच लायब्ररीत (अर्थात साडेआठच्या आत!). रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृतवर इतकं प्रभुत्व की १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८२ साली पुण्यात हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, की मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात. मार्च १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं.

त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याला जोडूनच सामाजिक परिषद असायची. तिथं विधवांच्या केशवपनाच्या विरोधात बोलायला रमाबाई उभ्या राहिल्या. समोर बहुतेक पुरुषांचाच समुदाय. लाउडस्पीकर त्या काळी नव्हतेच. सभा शांत होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, की माझा आवाज लहान आहे यात नवल ते काय, तुम्ही बाईला आवाज मोठा करायची संधीच कधी दिली नाहीत. त्यांच्या चरित्रात हा प्रसंग येतो. मी तो वाचला आणि पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. आमच्या हॉलमध्ये जे घडलं त्याचं निदान त्यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी एका वाक्यात केलं होतं. दोष गळ्यात नाही, व्यवस्थेत आहे. आणि हे सांगून त्या खाली उतरल्या नाहीत, तर केशवपनाच्या मुद्द्यावर आल्या.

सगळ्यांच्या वाट्याला अशी सभासुद्धा आली नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. जे दोष बाईच्या माथी मारता तेच पुरुषात नाहीत का, असा सरळ सवाल. टीका झाली, पण जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही ते पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. मध्ये ९३ वर्षं गेली! रखमाबाईंनी १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' अशा टोपणनावाने.

आणि टोमणे फक्त पुरुषच मारतात असंही नाही. रमाबाई रानडे यांनी १९१० साली आठवणी लिहिल्या, त्यात त्या शिकू लागल्यावर घरातल्याच बायकांनी किती बोलून घेतलं ते आहे. त्याच रमाबाई १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. मलाही आमच्या मेसच्या मावशी म्हणाल्याच होत्या, "कशाला पुढं पुढं करतेस गं पोरी, नाव खराब होतं." त्यांचा राग आला नाही. त्यांनाही कधीतरी कुणीतरी हेच सांगितलं असणार.

असो. पुढची मीटिंग महिन्याने झाली. या वेळी आम्ही पाच जणी गेलो आणि मुद्दे वाटून घेतले. स्टेजवर गेल्यावर आधी प्यून काकांना म्हटलं, "काका, माइक जरा खाली घ्या ना." "घ्या की, त्यात काय!" दहा सेकंदांचं काम. मागून 'किटकिट' आलीच. मी म्हटलं, "हो, किटकिट. मुद्दा दोन." आणि पुढे वाचत राहिले. थोडे हसले, पण आमच्याकडे बघून नाही, त्या मागच्याकडे बघून.

मग पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं. रेक्टर मॅडम म्हणाल्या, लायब्ररी ते होस्टेल रस्त्यावरचे दोन दिवे बंद आहेत आणि रात्रपाळीला वॉचमन एकच आहे. बघा, अडचण दिव्यांची होती! अशी अडचण समजली की तिच्यावर काहीतरी करता येतं. दिवे लागले. आता पीएलमध्ये रजिस्टरवर सही करून मुलींना दहापर्यंत बसता येतं.

मित्रांनो, तुम्ही आमच्या बाजूने बोलायलाच हवं असं नाही. आम्ही चुकत असू तर तसं सांगा, पण मुद्द्याला सांगा. आणि मैत्रिणींनो, स्टेजवर गेल्यावर पहिलं काम म्हणजे माइक आपल्या उंचीला आणा, घाई करू नका, सभा थांबते.

आम्ही मागितले होते अकरा, मिळाले दहा. पुढच्या मीटिंगला तिथूनच सुरुवात करणार आहोत.