प्रोबेटचा खर्च

घरांतील वडील माणूस गेल्यावर तेरा दिवस घर माणसांनीं भरलेलें असतें. पुढें पाहुणे पांगतात, कपाट उघडलें जातें आणि कागदांच्या चळतींत एक मृत्युपत्र सांपडतें. दादर-गिरगांवकडील बिऱ्हाड असल्यास कोणी तरी लगेच म्हणतो, "याला प्रोबेट घ्यावें लागेल." दुसरा विचारतो, "खर्च किती येईल?" या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं पहिल्या विधानाचा अर्थ समजून घेणें इष्ट होय.

मृत्युपत्र हा खासगी कागद. तो ज्यानें केला तो स्वतःची सही ओळखण्यास हयात नसतो. म्हणून न्यायालय साक्षीपुरावा पाहून, हा कागद खरा असून मृताची अखेरची इच्छा हीच होती, असा निर्णय देतें व मृत्युपत्राच्या नकलेवर आपली मोहर उमटवितें. ही नक्कल म्हणजे प्रोबेट. मृत्युपत्रांत जो व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमलेला असेल त्याला तें मिळतें. अमुक घर मृताच्याच मालकीचें होतें कीं नाहीं, हें मात्र प्रोबेटनें ठरत नाहीं.

१९२५ सालच्या भारतीय वारसाहक्क कायद्याचें २१३ वें कलम मुंबईकरांच्या चांगलें परिचयाचें होतें. मुंबईंत केलेलें, किंवा मुंबईंतील स्थावर मिळकतीसंबंधीं असलेलें हिंदु गृहस्थाचें मृत्युपत्र असेल, तर प्रोबेटवांचून त्याच्या आधारें न्यायालयांत हक्क शाबीत करतां येत नसे. पुण्यास राहून पुण्यांतील घराविषयीं मृत्युपत्र करणाऱ्यावर हें बंधन नव्हतें. २०२५ च्या अखेरीस संसदेनें तें कलमच रद्द केलें. सक्ति गेली तरी सोय कायम आहे. मृत्युपत्राविषयीं घरांतच शंका असेल किंवा घराचा खरेदीदार निर्वेध पुरावा मागत असेल, तर आजहि प्रोबेटच उपयोगीं पडतें. पूर्वीं हा खर्च अटळ होता. आतां तो करावा कीं नाहीं याचा विचार कुटुंबानेंच करावयाचा आहे.

खर्चाचा पहिला भाग म्हणजे न्यायालयाची फी. अर्जासोबत मिळकतीची व कर्जाची अशा दोन याद्या द्याव्या लागतात. मृताचें देणें, घरावरील गहाण आणि अंत्यविधीचा खर्च वजा जातां उरेल त्या किमतीवर फी आकारली जाते. महाराष्ट्रांत या फीला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा घालण्यांत आली. मुंबईंतील बेताची सदनिकाहि ती गाठते. ही मर्यादा सहजासहजीं आलेली नाहीं. एके काळीं इतर दाव्यांच्या फीस १५,००० रुपयांची मर्यादा होती, पण प्रोबेटला कांहींच नव्हती. हा भेदभाव असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं ठरविलें. फीचे दर राज्य सरकार बदलूं शकतें, म्हणून अर्जाच्या वेळीं ते पाहून घ्यावेत. पुष्कळ लोक या फीला मृत्युकर समजतात, तें बरोबर नाहीं. तसा कर १९५३ सालीं आला आणि १९८५ सालीं उठला.

दुसरा भाग वकिलांच्या फीचा. तिला ठरीव माप नाहीं. बिनविरोध अर्जासाठीं किती आणि विरोध झाल्यास किती, हें आरंभींच विचारून लेखी घेणें शहाणपणाचें. तिसरा भाग किरकोळ बाबींचा : मूल्यमापन, प्रतिज्ञापत्रें, वर्तमानपत्रांतील नोटीस, नकला. या तीन भागांची बेरीज बहुतेक कुटुंबांस आधीं करतां येते.

बेरीज करतां येत नाहीं ती चौथ्या भागाची, आणि तो भाग भांडणाचा. अर्ज होतांच मृताच्या इतर वारसांची संमति मागितली जाते. जे ती देत नाहींत त्यांना नोटीस जाते. एका भावानें वा बहिणीनें न्यायालयांत हरकत नोंदविली कीं साध्या अर्जाचें रूपांतर दाव्यांत होतें. साक्षीदारांची उलटतपासणी होते आणि तारखांमागून तारखा पडत जातात. दरम्यान रिकाम्या घराचा कर, सोसायटीची वर्गणी व दुरुस्ती थांबत नाहीं. न्यायालयाच्या फीला कमाल मर्यादा आहे, भावाबहिणींच्या वैराला नाहीं. आणि त्या वैरांत जें जातें तें कोणत्याहि हुकुमानाम्यानें परत मिळत नाहीं.

हा पैसा कोणी द्यावयाचा, याविषयीं कायदा स्पष्ट आहे. मृताच्या मिळकतींतून प्रथम अंत्यविधीचा व अखेरच्या दुखण्याचा खर्च भागवावा, मग प्रोबेटचा, मग मृत्युपूर्वीच्या तीन महिन्यांतील नोकरचाकरांचा पगार, त्यानंतर इतर कर्जें. आणि सर्व देऊन उरेल तें वारसांना. आरंभीं व्यवस्थापकाला पदरचें घालावें लागलें तरी तें त्याला परत घेतां येतें. मात्र प्रत्येक पावती जपली पाहिजे, कारण प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि एका वर्षांत हिशेब न्यायालयांत सादर करणें हें त्याचें कर्तव्य आहे.

यावरून दिसून येईल कीं, प्रोबेटच्या खर्चाचा मोठा वांटा मृत्युपत्र करणारा स्वतःच हयातींत ठरवीत असतो. दोन साक्षीदार आपल्याहून तरुण, शक्यतों ज्यांना मिळकतींतून कांहीं मिळावयाचें नाहीं असे घ्यावेत व त्यांचे पत्ते लिहावेत. व्यवस्थापक नेमावा आणि त्याला तसें सांगून ठेवावें. एखाद्या मुलास कमी दिलें असेल तर त्याचें कारण दोन ओळींत लिहावें. मृत्युपत्राला स्टँप लागत नाहीं. नोंदणीहि सक्तीची नाहीं, पण केलेली बरी. बँकेंत किंवा शेअरवर नामनिर्देशन केलें म्हणजे काम संपलें, असेंहि समजूं नये. नामनिर्देशित व्यक्ति तेवढ्यानेंच मालक होत नाहीं. शेअरच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं तसा निर्वाळा दिला आहे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय असा कीं, कपाटांत काय लिहून ठेवलें आहे तें मुलांना आपल्या तोंडानें सांगावें. त्या संध्याकाळीं घरांत थोडे रुसवेफुगवे होतील खरे. परंतु ते मिटवावयास वडील तेथें बसलेले असतील.