गेल्या दिवाळीत गिऱ्हाईक कशावर चिडलं होतं? एक्सवर असं शोधा

फराळाच्या ऑर्डर घेणारे बरेच जण ट्रेनिंगला येतात आणि एकच विचारतात, "मॅडम, यंदा नवीन काय ठेवू?" मी म्हणते, नवीन नंतर. आधी लोक कशावर चिडले होते ते बघा. तेल, भाजणी, डबे, मदतीच्या बायकांची मजुरी, सगळे पैसे आधीच अडकतात. अंदाज चुकला की उरलेली चकली पाडव्यानंतर अर्ध्या भावात.

हे बघायला खर्च शून्य. एक्स, म्हणजे २०२३ पर्यंतचं ट्विटर, त्यात ॲडव्हान्स्ड सर्च आहे. मोबाइल ॲपमध्ये शोधत बसू नका. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये लॉगिन करा, काहीही सर्च करा, की बाजूला लिंक दिसते.

फॉर्ममध्ये रकाने भरपूर आहेत. घाबरू नका, आपल्या कामाचे मोजके.

सगळ्यात खाली तारखा. २०२४चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, म्हणून १० ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर टाका. शेवटचा दिवस धरला जात नाही, त्यामुळे एक दिवस वाढवूनच टाकायचा. ऑर्डर कधी सुरू होतात, तक्रारी कधी येतात, हे तारखेनुसार कळतं.

मग शब्द. इथे मराठीत खरी मेहनत आहे. "चकली" शोधलं म्हणून "चकल्या" किंवा "चकलीचे" येतीलच असं नाही. "यापैकी कोणताही शब्द" या रकान्यात सगळी रूपं टाका. शिवाय निम्मी जनता मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते, तीही स्पेलिंगं टाका. भाषेच्या रकान्यात मराठी निवडलंत तर इंग्रजी अक्षरांतली मराठी बऱ्याचदा गळते. मी तो रकाना रिकामाच ठेवते.

"हे शब्द नकोत" मध्ये रेसिपी टाका, नाहीतर नुसत्या कृती वाचत बसाल. आणि निकाल आले की "टॉप" सोडून "लेटेस्ट" वर जा. टॉपमध्ये गाजलेल्या पोस्ट वर येतात. आपल्याला गाजलेली पोस्ट नकोय. दोन लाइक मिळालेला, "डबा उघडला तर चिवडा मऊ" म्हणणारा माणूस हवाय.

आता दुसरा शोध. "नेमकं हेच वाक्य" या रकान्यात दुकानदाराचे शब्द नकोत, गिऱ्हाइकाचे टाका. "उत्कृष्ट दर्जाचा फराळ" असं गिऱ्हाईक कधी लिहितं का? ते लिहितं, "फराळ कुठे मिळेल". अमेरिकेत, दुबईत मुलं असलेले लिहितात, "फराळ पाठवायचा आहे". शोध सेव्ह करा, सीझनमध्ये रोज सकाळी पाच मिनिटं बघा.

"या अकाउंटला उद्देशून" हा रकानाही भारी. तुम्ही वापरता त्या कुरिअर कंपनीचं हँडल टाका, त्याच तारखा ठेवा. पार्सल कुठे अडकलं, डबे कसे फुटले, लोकांनी सगळं लिहिलेलं असतं. कंपनी ठरवायच्या आधी वाचा.

एक अट मात्र माझी. कुणाच्या तक्रारीखाली जाऊन स्वतःचं रेटकार्ड चिकटवू नका, फार वाईट दिसतं. कुणी "कुठे मिळेल" विचारलं असेल तर उत्तर द्या: गाव, किलोचा भाव, शेवटची ऑर्डर कधीपर्यंत. बस.

तुमचं गिऱ्हाईक फक्त गल्लीतलं असेल, तर एवढा वेळ घालवू नका. तिथे काउंटरवरची वही जास्त सांगते.